वणव्याचा रेड फ्लॅग, साताऱ्याहून आलेले आई-बाबा, आणि घराबाहेर नेमकं कधी पडायचं?

डोंगरउतार
नमस्कार मंडळी. आम्ही कॅलिफोर्नियात एल डोराडो हिल्सला राहतो, सॅक्रामेंटोच्या पूर्वेला, हायवे ५० वर. घरामागे टेकडी आहे, तिच्यावर ओकची झाडं आणि कमरेएवढं गवत. मेमध्ये ते वाळतं ते थेट नोव्हेंबरात पाऊस येईपर्यंत तसंच कडकडीत उभं असतं. आई-बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेत. बाबा ७६ चे, आईचे गुडघे कामातून गेलेले.

गेल्या आठवड्यात रेड फ्लॅग वॉर्निंग (हवामान खात्याचा आगीच्या धोक्याचा इशारा) लागली, उत्तरेकडून कोरडा वारा सुटला आणि शेजाऱ्याने गाडी तोंड रस्त्याकडे करून लावली. मी बाबांना म्हटलं आपणही बॅगा भरून ठेवू, तर म्हणाले "वणव्याला काय घाबरायचं, अजिंक्यताऱ्यावर आम्ही फांद्यांनी झोडपून विझवलेत". आई म्हणते देवघर सोडून कुठे जायचं.

२०२१ ला कॅल्डोर फायरच्या वेळी आम्ही नुकतेच इथे आलो होतो. ३० ऑगस्टला साउथ लेक टाहो अख्खं रिकामं केलं तेव्हा तिथून निघायला गाड्यांच्या मुंगीच्या चालीने रांगा लागल्या होत्या, कुणाच्या टपावर सायकली, कुणाच्या खिडकीतून कुत्रं डोकावतंय. ते टीव्हीवर बघितल्यापासून डोक्यात बसलंय.

तर प्रश्न साधा आहे. इव्हॅक्युएशन वॉर्निंग (घर सोडायची तयारी ठेवा) आली की लगेच निघायचं, की ऑर्डर (आत्ताच निघा) येईपर्यंत थांबायचं? नवरा म्हणतो ऑर्डरशिवाय उगाच पळापळ नको. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगा प्लीज. आणि बॅगेत काय भरलंत तेही.

शंकासूर
माझा बाळबोध प्रश्न. दुष्काळ पडला की गवतच उगवत नाही ना? मग जळतं काय?

कूपरटिनोकर
+१ वॉर्निंगलाच निघा. शंकासूर, चांगला प्रश्न, जाणकार सांगतील. मी फक्त धुराचा जाणकार. ९ सप्टेंबर २०२० ला बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात) सकाळ झालीच नाही, दहा वाजता आकाश नारिंगी आणि घरात दिवे. फोटो काढला तर फोन स्वतःच रंग दुरुस्त करून साधं करडं ढगाळ आभाळ दाखवायचा, भारतात पाठवला तर सासूबाई म्हणाल्या छान पावसाळी हवा दिसतेय, भजी कर.

पहाटवारा
शंकासूर, तिथेच तर गोम आहे. नुसता दुष्काळ नाही, आधी पाऊस आणि मग दुष्काळ. मी लॉस एंजेलिसजवळ (एलए) पॅसाडीनात राहते म्हणून इथलंच सांगते. २०२२-२३ आणि २०२३-२४ असे दोन हिवाळे दक्षिण कॅलिफोर्नियात धो धो पाऊस झाला. डोंगर हिरवेगार, गवत आणि झुडपं माजली. मग २०२४ च्या मेपासून जानेवारीपर्यंत एलएत पाव इंचसुद्धा पाऊस नाही. म्हणजे दोन वर्षं सरपण रचलं आणि आठ महिने वाळत घातलं. त्यावर सांता आना वारा. तो आतल्या वाळवंटी पठारावरून समुद्राकडे डोंगर उतरत येतो, उतरताना दाबला जाऊन तापतो आणि आणखी कोरडा होतो. दुपारी बाहेर उभं राहिलं की ओठ फुटतात आणि दाराच्या कडीला हात लावला की करंट बसतो.

आता मूळ प्रश्न. डोंगरउतार, ऑर्डरची वाट बघू नका. हे मी पुस्तकी सांगत नाहीये. ७ जानेवारी २०२५ ला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास ईटन कॅन्यनमध्ये आग लागली. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगराची कड लाल दिसत होती, जसं दिवाळीत लांबच्या इमारतीला माळ लावावी तशी. ऑर्डर नव्हती. वॉर्निंग पण आमच्या गल्लीला नव्हती. नऊ वाजता अंगणातली मोठी कुंडी वाऱ्याने उलटली आणि वीज गेली, तेव्हा मी म्हटलं बास, निघू. मुलगा पायजम्यात, नवरा कुरकुरतोय की उद्या मीटिंग आहे.

आमचं घर वाचलं. पण वर अल्टाडीनात लेक ॲव्हेन्यूच्या पश्चिमेला ऑर्डर आली ती पहाटे तीननंतर. तोवर तिथली घरं पेटली होती. त्या आगीतले जवळजवळ सगळे मृत्यू त्याच बाजूचे आहेत, आणि त्यात बरीच एकटी राहणारी म्हातारी माणसं. ऑर्डर म्हणजे कुणीतरी कुठेतरी बसून नकाशा बघून बटण दाबणार. त्याच्या आधी ठिणगी तुमच्या दारात पोचू शकते.

खाष्ट
आणि उलटही होतं बरं का. ९ जानेवारीला चुकून अख्ख्या एलए काउंटीला इव्हॅक्युएशनचा अलर्ट गेला होता. जवळजवळ एक कोटी लोक. मी लाँग बीचला, आगीपासून पंचवीस-तीस मैल, चहाचा कप हातात आणि फोन बोंबलतोय. असं दोनदा झालं की माणूस लांडगा आला रे आला म्हणून फोन बंदच करतो. सगळ्या वॉर्निंगला पळायचं म्हटलं तर नोकरी कुणी करायची?

पहाटवारा
खाष्ट, पंचवीस-तीस मैलांवरच्या माणसाने चहा प्यावाच. डोंगराला पाठ लावून राहणाऱ्याने नाही.

निवांतराव
पुण्यातून एक अडाणी शंका. तुम्ही लोक लाकडाची घरं बांधताच का? आमच्याकडे विटा-सिमेंटचं घर आहे, पेटवून दाखवा.

चुलीपाशी
घ्या, आला हा प्रश्न. दर धाग्यावर येतो, मोदक कुठला चांगला तसा.
अहो निवांतराव, इथे जमीन हलते. विटांचं घर भूकंपात अंगावर येतं, लाकडी सांगाडा वाकतो पण उभा राहतो. आणि घर बहुतेक वेळा भिंतीतून पेटत नाही. वाऱ्यासोबत मैलभर पुढे निखारे उडत येतात आणि माळ्याच्या जाळीतून आत शिरतात, पन्हळीतल्या पालापाचोळ्यात पडतात, नाहीतर भिंतीला टेकवलेल्या झुडपात. आतून पेटलं की सिमेंटच्या घरातले पडदे आणि सोफे काय थंड राहणार आहेत? जाळीची भोकं एक अष्टमांश इंचापेक्षा मोठी नकोत, आणि भिंतीपासून पाच फुटांत जळणारं काहीही नको, लाकडाच्या भुशाचा मल्च पण नको. हे दोन केलं तरी पुष्कळ.

निवांतराव
पाच फुटांत काही नको म्हणजे तुळस?

चुलीपाशी
तुळस ओली असते हो. वाळकी तुळस ठेवणाऱ्यांचे प्रश्न वेगळे आहेत.

कोफीपार्क_ची
बऱ्याच वर्षांनी या विषयावर लिहितेय. सांता रोझा, २०१७, ८ ऑक्टोबरची रात्र. आमचं कॉफी पार्क म्हणजे सपाट वस्ती, डोंगर नाही, जंगल नाही, चौकोनी प्लॉट आणि पुढे बास्केटबॉलची जाळी. आगीच्या धोक्याच्या नकाशात आमचा भाग नव्हताच. मध्ये सहा लेनचा हायवे १०१. आग तो ओलांडून आली.

फोनवर काही आलं नाही. पहाटे दोनच्या आसपास समोरचे काका गाडीचा हॉर्न दाबून धरून गल्लीतून गेले, त्याने जाग आली. खिडकी उघडली तर आवाज, जसं विमान उतरतंय आणि उतरतच नाहीये. नवऱ्याने मुलीला उचललं. मी काय उचललं असेल? विरजणाचं भांडं. ओट्यावर झाकून ठेवलेलं होतं, ते दोन्ही हातांनी सांभाळत गाडीत बसले. पासपोर्ट, लग्नाचे फोटो, आईची चंद्रकळा, सगळं आत. पेटलूमाला मैत्रिणीकडे पोचलो तेव्हा उजाडलं होतं आणि मांडीवरचं दही छान लागलं होतं. त्या दिवशी आठ माणसांनी ते खाल्लं.

टब्स फायरमध्ये २२ माणसं गेली आणि साडेपाच हजारांवर बांधकामं जळली. त्यातलं एक आमचं. दहा दिवसांनी आत सोडलं तेव्हा पांढरे सूट घालून राख चाळली. सापडलं काय तर खलबत्ता, आणि काचेचे सगळे ग्लास वितळून एक गोळा.

म्हणून बॅगेचं उत्तर: जे कागद लागतात ते आज भरून दाराशी ठेवा, कारण त्या क्षणी मेंदू विरजण उचलतो.

डोंगरउतार
ताई, काय लिहू कळेना. वाचून दाखवलं घरी. आई गप्प बसली, मग म्हणाली विरजण घेतलं ते बरं केलं.

रानोमाळ
आमच्या घरी तर मी मिक्सर उचलला असता. हसतोय पण छाती धडधडतेय.

कोफीपार्क_ची
:) आता आणखी एक सांगते, हे कुणी सांगत नाही. इन्शुरन्सला घरातल्या प्रत्येक वस्तूची यादी द्यावी लागते. वस्तू, किती जुनी, किंमत. चमचे किती होते? मोजे किती? मी रोज रात्री मनातल्या मनात एकेका कपाटाचं दार उघडायचे. तरी दोन वर्षांनीसुद्धा मध्येच आठवायचं की अरे, शेवाळी साडी राहिली.
आणि मग पुरणयंत्र. क्लेम बघणारा तरुण मुलगा फोनवर विचारतो, हे काय आहे? मी म्हटलं त्यात डाळ घालून दांडा फिरवायचा. तो म्हणे, ओके, म्हणजे पास्ता मशीन? मी म्हटलं नाही. चकलीचा सोऱ्या पुढच्या ओळीत होता, त्याला तो पास्ता मशीन म्हणाला असता तरी चाललं असतं.
तेव्हा आज फोन घेऊन घरभर फिरा, प्रत्येक खण उघडून व्हिडिओ करा आणि क्लाउडवर टाका. दहा मिनिटांचं काम.

शंकासूर
पुरणयंत्राचे पैसे मिळाले का पण?

कोकणी_काजू
बाबांचं फांदीने झोडपणं अगदीच हसण्यावारी नेऊ नका. संगमेश्वराकडे आमच्या काजूच्या बागेवर मार्चमध्ये दर दोन वर्षांनी वणवा येतो. कुणीतरी डोंगरावर विडी टाकतो, नाहीतर गवत जाळलं की नवीन चांगलं फुटतं म्हणून मुद्दाम लावतो. मग अख्खी वाडी ओल्या डहाळ्या घेऊन धावते आणि गुडघ्याएवढी आग खरंच विझते. पण एकदा वारा फिरला आणि वीस मिनिटांत दीडशे कलमं गेली. तेव्हापासून शिमग्याआधी बागेच्या कडेने दहा फूट गवत कापून जाळरेषा काढतो. झोडपणं दुय्यम, जाळरेषा मुख्य. बाबांना असं सांगून बघा, त्यांच्या भाषेत.

माणदेशी
आम्हा माणदेशी लोकांना एवढं गवत बघायलाच मिळत नाही, तुमचे वणवे तुम्हालाच लखलाभ. पण विषय गंभीर आहे. कॅलिफोर्नियाचा पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा ठणठणीत कोरडा, म्हणजे झाडं सगळ्यात वाळलेली असतात तेव्हाच वारे सुटतात. आपल्याकडे उन्हाळा सरता सरता मृग येतो आणि वणव्याचं तोंड बंद करतो. त्यांना मृग नाही.
दुसरं, जाळरेषेवरून आठवलं. तिथले करूक आणि युरोक आदिवासी पूर्वी ठरवून छोट्या छोट्या आगी लावायचे, आपल्या शेतातल्या राबाच्या भाजणीसारख्या, त्याने खालचा पालापाचोळा साफ व्हायचा. ते सरकारने बंद केलं. वर १९३५ ला वनखात्याने नियम काढला की कुठलीही आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझलीच पाहिजे. आग विझवत गेले, सरपण साठत गेलं. आता परत ठरवून जाळायला लागलेत.

खाष्ट
माणदेशी, भाजणी म्हटल्यावर मला थालीपीठ आठवलं. सॉरी.
पण ते दक्षिण कॅलिफोर्नियाला लागू नाही. एलए, सॅन डिएगोच्या डोंगरावर जंगल नाही, चॅपरल म्हणजे झुडपी रान आहे, ते उलट फार वेळा जळून कमी होत चाललंय. सगळीकडे एकच औषध नाही.

माणदेशी
बरोबर. उत्तरेच्या पाइन-फरच्या जंगलांबद्दल म्हणतोय मी. दुरुस्ती मान्य, थालीपीठ पण.

आरबी_आजी
मी सॅन डिएगोची, रांचो बर्नार्डो. वय ७१, म्हणून डोंगरउतारच्या बाबांच्या बाजूने बोलेन असं वाटत असेल तर चूक. २००७ चा ऑक्टोबर, विच क्रीक फायर. पहाटे घरचा फोन वाजला, रेकॉर्डेड आवाज, निघा. त्या आठवड्यात काउंटीत पाच लाखांवर लोक घराबाहेर होते, हजारो क्वालकॉम स्टेडियमवर. आम्ही ऐटीत म्हटलं स्टेडियम कशाला, चुला व्हिस्टाला आपले कुलकर्णी आहेत. तिकडे पोचून पोहे होईपर्यंत दक्षिणेकडून हॅरिस फायर आली आणि कुलकर्ण्यांचीच आवराआवर सुरू. मग आम्ही आणि ते, दोन गाड्या, नऊ माणसं, एक पोपट. शेवटी स्टेडियमवरच. तिथे लोक ब्लँकेटं वाटत होते, मसाज देत होते, कुणी गिटार वाजवत होतं. आमच्या ह्यांनी मसाज घेतला, तो आजवर सांगतात.
तेव्हा जायची जागा दोन ठरवा, दोन वेगळ्या दिशांना. आणि आईंना सुती साडी नेसवा, पॉलिस्टर ठिणगीने वितळून अंगाला चिकटतं. देवांचं सांगायचं तर आमचे देव पोळ्यांच्या डब्यात बसून आले. डबा घट्ट लागतो आणि कुणी विचारत नाही.

मेलबर्नी_मावशी
ऑस्ट्रेलियातून. आमच्याकडे थांबायचं की निघायचं हा वाद माणसांच्या जिवावर बेतून मिटला. पूर्वी अधिकृत सल्लाच असा होता की नीट तयारी असेल तर थांबून घर वाचवा, नाहीतर लवकर निघा. ७ फेब्रुवारी २००९, ब्लॅक सॅटरडे. मेलबर्नला ४६.४ डिग्री. १७३ माणसं गेली, पुष्कळशी घरातच, थांबून. त्यानंतर सल्ला बदलला. आता सगळ्यात वाईट दिवसांना आदल्या रात्री किंवा भल्या सकाळीच निघा म्हणतात, आग लागलेली असो वा नसो. तुमच्या नवऱ्याला सांगा, वॉर्निंग हीसुद्धा उशिराची वेळ आहे.

हिशेबी
एक रुक्ष मुद्दा. बहुतेक पॉलिसीत हॉटेलचा खर्च मिळतो तो सक्तीची ऑर्डर असेल तर, साधारण दोन आठवड्यांपर्यंत. वॉर्निंगला निघालात तर बहुधा खिशातून. पॉलिसी वाचा आणि पावत्या ठेवा. आणि नॉन-रिन्युअलचं (पॉलिसी पुढे चालू ठेवणार नाही असं) पत्र आलं असेल तर घाबरून पहिली मिळेल ती घेऊ नका. फेअर प्लॅन (कुणीच विमा देईना तर घ्यायची पॉलिसी) हा शेवटचा पर्याय, तो मुख्यतः आगीचं बघतो, चोरी-पाणीगळतीला वेगळी पॉलिसी जोडावी लागते. ज्या पिनकोडांत आणीबाणी जाहीर होते तिथे वर्षभर कंपनी आगीच्या धोक्याचं कारण देऊन घराची पॉलिसी बंद करू शकत नाही, हेही माहीत असू द्या.

पहाटवारा
म्हणजे दोनशे डॉलरच्या खोलीसाठी आईला धुरात बसवायचं?

हिशेबी
मी थांबा कुठे म्हणालो? दोनशे डॉलर बाजूला काढून ठेवा म्हणतोय. आम्ही नवरात्रात तेवढे चणिया-चोळीवर घालवतो.

जुनासभासद
कुणी पॅरडाइजचं बोललं नाही. ८ नोव्हेंबर २०१८, सकाळी साडेसहाच्या सुमारास आग, आठपर्यंत गावात. सव्वीस हजारांचं गाव, उतरायला मोजके रस्ते. एकेक झोन रिकामा करायची योजना तयार होती, कागदावर उत्तम, पण आगीने झोन बघितले नाहीत आणि सगळे एकदम रस्त्यावर आले. ८५ मृत्यू, बहुतेक साठीच्या पुढचे. मी चिकोत शिकवायचो तेव्हा. वर्ग परत सुरू झाले तेव्हा एक मुलगी हजेरीला "हिअर" म्हणाली आणि रडायला लागली, तिला स्वतःलाच नवल वाटलं असावं. पुढे लिहित नाही.

डोंगरउतार, एक कामाचं सांगतो. गॅरेजचं दार. वीज गेली की मोटरचं दार उघडत नाही. २०१७ च्या आगींत त्यामुळे म्हातारी माणसं अडकली, म्हणून २०१९ पासून नवीन मोटरला बॅटरी सक्तीची झाली. तुमची जुनी असेल तर छताला लाल दोरी लोंबत असेल, ती ओढून दार हाताने उचलायचं. जड असतं. बाबांकडून एकदा करून घ्या.

शेंगदाणाकूट
हे मी आत्ता जाऊन ओढली ती लाल दोरी. दार उघडलं. आता बंद होत नाहीये. कुणी जागं आहे का?

जुनासभासद
दार पूर्ण खाली आणा, दोरीचा खटका परत जागेवर घ्या, मग बटण दाबा. खटका बसेल.

शेंगदाणाकूट
बसला! शतशः आभार. बायको म्हणाली एवढ्या रात्री आग लागली का.

रानोमाळ
निघताना पाण्याचे पाइप चालू ठेवून जाऊ नका, सगळ्यांनी ठेवले की बंबवाल्यांना प्रेशर मिळत नाही. खिडक्या बंद, घरातले दिवे चालू म्हणजे धुरात घर दिसतं. एवढंच.

डोंगरउतार
परत आले. उशीर झाला, पण सांगायला काहीतरी घेऊन आलेय.

मंगळवारी दुपारी फोल्समच्या बाजूला हायवेच्या कडेचं गवत पेटलं. आमच्या शेजारच्या झोनला वॉर्निंग, आमच्या झोनला काही नाही. नवरा ऑफिसात. मी खिडकीतून धूर बघत उभी, मनात पहाटवाराची कुंडी. म्हटलं निघायचं. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणे थांब जरा, आमची ऑर्डर येऊ दे, मी फक्त म्हटलं विरजण. त्याने हा धागा वाचला होता. "निघा" म्हणाला.

कोकणी काजूंची युक्ती चालली होती. आधीच्या रविवारी बाबांना जाळरेषा म्हटल्याबरोबर त्यांनी दोन दिवस खुरपं घेऊन मागच्या कुंपणाचं गवत काढलं, तीन पोती, एचओएचं (सोसायटीचं) पत्र येईल ते येईल. त्यामुळे त्यांचा मान राहिला होता. मंगळवारी विनातक्रार उठले आणि म्हणाले, आपली हद्द साफ आहे, आता जायला हरकत नाही. लाल दोरी त्यांनीच ओढली, वीज असताना. आईने सुती साडी नेसली, देव पोळ्यांच्या डब्यात, आणि वरून डब्याला साडीच्या काठाची गाठ. गाडीत डबा मांडीवर, आणि प्रत्येक वळणाला "सावकाश, बाळकृष्ण वरच्या बाजूला आहे".

सॅक्रामेंटोत हॉटेल घेतलं, १६४ डॉलर, खिशातून. रात्री आठला वॉर्निंग उठली. म्हटलं भरलेत तर सकाळी जाऊ. बाबा नाश्त्याला वॉफल यंत्रापाशी दोनदा गेले.

शेजारी गेलाच नव्हता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आम्ही उगाच गेलो. असेलही.

खाष्ट
मी वॉर्निंगविरोधी होतो, पण १६४ मध्ये वॉफल धरून परवडलं.

आरबी_आजी
बाळकृष्ण वरच्या बाजूला, हे अगदी पटलं. आमचा खाली गेला होता, अन्नपूर्णेने हात वाकवला त्याचा.

शंकासूर
सगळं झालं, पण पुरणयंत्राचं उत्तर राहिलं.

कोफीपार्क_ची
मिळाले. नऊ डॉलर, डेप्रिसिएशन कापून. फूड मिल, मॅन्युअल, वापरलेलं. नवीन आईने पुण्याहून आणलं, ते होळीला चालतंय, पण त्याची मधली जाळी जरा मोठ्या भोकाची आहे.

चुलीपाशी
जाळीची भोकं एक अष्टमांश इंचापेक्षा मोठी नकोत.